कोच म्हणजे कोण

आमच्या टॅलो स्प्रिंग्ज गावात नुसतं 'कोच' म्हणायची सोय नाही. नुसतं 'देव' म्हणा, कुणी काही विचारणार नाही. बाप्टिस्ट असो की मेथडिस्ट, जो तो आपापला समजून घेतो. पण 'कोच' म्हणालात की समोरचा हातातला काटा खाली ठेवतो आणि डोळे बारीक करून विचारतो, "कुठला?"

तसे इथल्या कॉलेजच्या फुटबॉल टीमला आजवर डझनभर कोच झाले असतील, पण गावाच्या लेखी दोनच. एक बर्ल सॅटरफील्ड, साठ-सत्तरच्या दशकातले. ऑगस्टच्या उन्हात पोरांना पाण्याचा थेंब न देता पळवायचे, वर मिठाच्या गोळ्या चारायचे. पडेल त्याला म्हणायचे, "जा, आईच्या मांडीवर जाऊन झोप." वारले त्याला तीस वर्षं झाली, तरी गावात अजून त्यांचं नाव निघालं की लोक डोक्यावरची टोपी काढतात. दुसरे आत्ताचे ट्रेंट मॅडॉक्स. यांच्याकडे पोरांनी किती झोपावं हे सांगायलासुद्धा पगारी माणूस आहे. खेळाडू जानेवारीत या कॉलेजातून त्या कॉलेजात उड्या मारतात, आणि मॅडॉक्स स्वतः दर डिसेंबरला कुठेतरी जाणार अशी आवई उठवून पगार वाढवून घेतात. पण जिंकतात. अलाबामात जिंकणाऱ्याला सात खून माफ.

आमचे हे, म्हणजे व्हर्लन पिकार्ड, सॅटरफील्डचे भक्त. "माणसं घडवली त्यांनी, नेड्रा, माणसं!" असं मला दर शनिवारी ऐकवतात. स्वतः कधी घडायला गेले नाहीत. त्या काळात हे स्टेडियमच्या दारात तिकिटं फाडायला उभे असायचे. पाण्यावाचून पोरं कशी कणखर होतात हे सांगताना यांच्या एका हातात गोड चहाचा ग्लास आणि दुसऱ्या हातात पंख्याचं बटण.

माझा दीर होइट मॅडॉक्सवाला. ट्रक विकतो, कॉलेजला देणग्या देतो आणि त्या बदल्यात मॅडॉक्स त्याला पहिल्या नावाने हाक मारतात. त्याची हयात या एका हाकेवर चालली आहे.

एका थँक्सगिव्हिंगला दोघांचं वाजलं. होइट म्हणाला, "तुझ्या सॅटरफील्डची टीम आज उतरवली, तर मॅडॉक्सची पोरं हाफटायमच्या आत त्यांचा चेंदामेंदा करतील."

"आणि तुझ्या मॅडॉक्सला तेव्हाचा ऑगस्ट दाखवला असता, तर संध्याकाळच्या आत रडत घरी गेला असता!"

"तुझ्या देवाच्या किती मॅच बरोबरीत सुटल्यात, सांगू का सगळ्यांना?"

"बरोबरी म्हणजे हार नाही!"

"जीतही नाही!"

मग खुर्ची पडली, टर्की तशीच राहिली, आणि त्या दिवसापासून सख्ख्या भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. मेलेला एक माणूस आणि देणगी थांबली तर रस्त्यात ओळखही न देणारा दुसरा, या दोघांपायी. सासूबाई तेव्हापासून रविवारी चर्चनंतर दोन पंगती घालायच्या. पहिली आमची, दुसरी होइटकडच्यांची. मामंजी दोन्ही पंगतींना बसायचे, थोडं थोडं खायचे आणि दोन्हीकडे "मीठ देता का" एवढंच बोलायचे. लेम्युएल पिकार्ड हा माणूस तसा कधी बोलतच नाही. शाळेत ड्रायव्हिंग शिकवायचे, आठवीच्या पोरांची टीम खेळवायचे. आता गॅरेजमध्ये लोकांची गवत कापायची मशिनं दुरुस्त करतात. टेबलावर कोचांची तुलना सुरू झाली की हळूच उठून गॅरेजमध्ये जायचे. आम्हाला वाटायचं, यांना फुटबॉलात रस नाही.

या ऑक्टोबरात सासूबाईंच्या हृदयाने हात टेकले. डॉक्टर म्हणाला, घरच्यांना बोलावून घ्या, आता फार दिवस नाहीत. घरचे होतेच, एक हॉस्पिटलच्या कॉरिडॉरच्या या टोकाला, एक त्या टोकाला. मामंजी तेवढे पलंगाजवळ, तिचा हात धरून. बुधवारी सकाळी ते घरी आंघोळीला गेले आणि सासूबाईंनी नाकावरची नळी बाजूला सारून विचारलं, "कोच आला का? कोचला बोलवा. मला भेटायचंय."

झालं! मरणाऱ्या बाईची शेवटची इच्छा. मी बाहेर येऊन सांगितलं, तसे दोन्ही लेक दोन टोकांकडून तीरासारखे आले आणि मला मध्ये उभं केलं.

"नेड्रा, तुझ्या दिराला सांग, आईला सॅटरफील्ड दिसतायत. पलीकडच्या दारात उभे आहेत तिला न्यायला."

"वहिनी, तुझ्या नवऱ्याला सांग, आई शुद्धीत आहे. मेलेल्या माणसाला कोण बोलवायला सांगतं? तिला मॅडॉक्सना भेटायचंय."

"त्याला सांग, आईने आयुष्यात त्या मॅडॉक्सचं नाव घेतलं नाही."

"त्याला सांग, सॅटरफील्डचंही नाही घेतलं."

"अरे, तुमची आई आत शेवटचे श्वास मोजतेय," मी म्हणाले, "आणि मला तुमचं टपाल वाहायला ठेवलंय होय? आत जा आणि तिलाच विचारा." पण नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं ना! यांना उत्तर नको होतं, दुसऱ्याची जिरवायची होती.

होइटने दिवसभर फोन करकरून मॅडॉक्सना गाठलं. गुरुवारी दुपारी दहा मिनिटं येतो म्हणाले. हे कळल्यावर आमचे हे हेअर कटिंगच्या दुकानात गेले आणि तिथल्या काचेच्या पेटीतली सॅटरफील्डची हॅट हातापाया पडून मागून आणली. माणूस नाही तर नाही, हॅट तर आहे!

गुरुवारी मॅडॉक्स आले. कॉलेजच्या रंगाचा शर्ट, इतके पांढरे दात की खोलीतला दिवा लावायला नको, आणि मागे एक फोटोग्राफर. खोलीत एका वेळी दोघांनाच परवानगी. पण कोच म्हटल्यावर नर्सनेही नियम गुंडाळून ठेवला आणि म्हणाली, "बरं, चौघं. पण पाचवा नको."

पाचवे मामंजी होते.

"बाबा," होइट म्हणाला, "तुम्ही जरा खाली जाऊन कॉफी घ्या ना. कोच आलेत."

मामंजींनी सासूबाईंकडे पाहिलं, त्यांचा डोळा लागला होता. "बरं," म्हणाले, तिचा हात अलगद चादरीवर ठेवला आणि गेले. अशी तिडीक गेली माझ्या डोक्यात! मी दाराच्या चौकटीतच पाय रोवून उभी राहिले. काढा म्हणावं मला बाहेर.

मॅडॉक्स पलंगावर वाकले. "मॅम, तुमच्यासारख्या चाहत्यांच्या आशीर्वादानेच आम्ही मैदानात उतरतो."

सासूबाईंनी डोळे उघडले आणि त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"हा कोण?"

"आई, कोच आलेत," होइट म्हणाला.

"कसला कोच? विमा विकणारा दिसतोय मेला."

व्हर्लनच्या चेहऱ्यावर काय ते तेज चढलं! त्यांनी पुढे होऊन हॅट आईच्या पोटावर ठेवली. "आई, ही बघ. आपल्या कोचची."

"उचल ती घाण," सासूबाई म्हणाल्या. "त्याच माणसाने माझ्या भावाच्या पोराला उन्हात पळवून आडवं केलं होतं. आयुष्यभर फिट्स येत राहिल्या त्याला. माणसं घडवली म्हणे! दर रविवारी ऐकून घेत होते मी, जेवताना भांडण नको म्हणून."

आमच्या ह्यांनी हॅट उचलली. कुठे ठेवावी ते सुचेना, शेवटी पाठीमागे धरली.

"कोच कुठंय?" सासूबाईंना धाप लागली. "अरे गाढवांनो, लेम! तुमचा बाप! आत्ता तर माझा हात धरून बसला होता. कुणी हाकललं त्याला?"

तेवढ्यात फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला, बहुतेक चुकून.

मी जिन्यानेच खाली पळाले. मामंजी कॉफीच्या मशीनशेजारी बाकावर बसले होते, हात मोकळे, कॉफी न घेताच.

"चला, मामंजी. त्या बोलावतायत."

"कोच गेले?"

"तुम्हालाच कोच म्हणतायत त्या."

ते मग उठले. वर जाताना लिफ्टमध्ये त्यांनी शर्ट नीट पँटमध्ये खोचला आणि हाताने केस बसवले. मी लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिले.

त्यांना आत सोडून मी बाकीच्यांना बाहेर काढलं. मॅडॉक्सनासुद्धा. त्यांनी घड्याळ बघितलं, होइटचा खांदा थोपटला, "धीर धर, हॉवर्ड," म्हणाले आणि निघून गेले. होइटने चूक दुरुस्त केली नाही.

दार पुरतं लागलं नव्हतं. आतून सासूबाईंचा आवाज आला.

"कुठे गेला होतास, कोच?"

"खाली होतो."

"हरलास?"

"हरलो."

"किती?"

"खूप."

सासूबाई हसल्या. आम्ही तिघांनीही ऐकलं. मग मी दार ओढून घेतलं.

संध्याकाळी त्या गेल्या. मामंजी आतच होते.

बाहेर आले तेव्हा दोन्ही भाऊ एकाच बाकावर बसले होते, कारण दुसरा बाक कुणीतरी नेला होता. साठ वर्षांतल्या प्रत्येक मॅचचा स्कोअर तोंडपाठ असलेल्या माझ्या नवऱ्याने घसा साफ केला. बापाला काय म्हणावं हे सुचलं नाही की ह्यांच्या तोंडी आकडेच येतात.

"बाबा, तुमच्या टीमचा... म्हणजे किती मॅच जिंकल्या होत्या हो तुम्ही? एकूण?"

मामंजींनी आधी मोठ्याकडे पाहिलं, मग धाकट्याकडे. रागावले नव्हते. खरंच नवल वाटल्यासारखे दिसले.

"तुम्ही दोघंही खेळलात की माझ्याकडे," ते म्हणाले. "मैदानावर बाबा म्हणू नका, कोच म्हणा, असं मीच सांगितलं होतं तुम्हाला."

आणि ते नर्सच्या टेबलाकडे गेले, सासूबाईंच्या चपला आणि चष्मा मागायला.

व्हर्लन मग मान न वळवताच म्हणाले, "तुला आठवतंय का रे?"

मी मध्ये नव्हते. होइटने इकडेतिकडे पाहिलं, मी त्यांच्या पलीकडे भिंतीला टेकून उभी होते आणि निरोप द्यायला मुळीच हलणार नव्हते.

"नाही," होइट म्हणाला. "तुला?"