आईच्या वाटणीचा गारवा

घर किती गरम ठेवायचं, यावरून आई-बाबांचा आयुष्यभर छत्तीसचा आकडा. वैतागून मीच भिंतीवर हीटरचं तापमान सांभाळणारं स्मार्ट यंत्र बसवून दिलं. दोघांच्या सवयी शिकून ते मधला मार्ग काढायचं. तरी आई येता-जाता तापमान कमी करायची आणि बाबा पुटपुटत वाढवायचे.

आई वारल्यानंतर परवा मी घरी आले, तर घराचा नुसता बर्फ झालेला. बाबा स्वेटरवर शाल गुंडाळून कुडकुडत बसलेले.

"बाबा, वेड लागलंय का तुम्हाला?" मी खेकसले आणि यंत्राकडे हात नेला.

"राहू दे गं," ते म्हणाले. "त्याला आता माझ्या एकट्याचीच सवय लागायला लागलीये. तिच्या वाटणीचं मीच कमी करतो. नाहीतर तिला विसरेल ते."

मी काढलेला कोट पुन्हा अंगात चढवला.