परतणारा श्वास

श्वासयंत्रातली मसुराएवढी रबरी झडप — चिमट्यात धरली की थरथरते, सोडली की मिटते, पण किंचित उशिरा... आणि त्या किंचितमध्येच अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा अर्धा श्वास मागे फिरतो, हे तिला तीन वर्षं माहीत होतं. उपाय मात्र नेहमी दुसरीकडून यायचा. ती आकडे पाठवायची, समुद्रापलीकडचे संगणक हिशेब करायचे, तासाभरात उत्तर हजर. आज अकरावा दिवस. जगभरचं इंटरनेटचं जाळं कोसळलं आणि त्याबरोबर तिचे आराखडे गेले, हिशेब गेले, कामातल्या पलीकडच्या जोडीदाराचं रोजचं ‘झालं का?’सुद्धा गेलं. उरली ही एक नापास झडप.

“थांबू या,” साहेब सकाळी म्हणाले होते. “सगळं जगच थांबलंय. आपण एकट्यानं काय दिवे लावणार?”

जगच थांबलंय... मग माझं डोकं का चाललंय?

तिने झडप भिंगाखाली ठेवली, कागद ओढला. गुणाकारात हातचा विसरला — लहानपणी आईसमोर गणितं सोडवताना विसरायचा तसाच — पुन्हा मांडलं, पुन्हा खोडलं, आणि चौथ्या कागदावर पेन्सिल थबकली. झडप किती पातळ करू, एवढंच ती आजवर विचारत आली होती. आणि प्रश्न नीट पडायच्या आतच उत्तर यायचं. कुठे पातळ करू, हे कधी विचारलंच नव्हतं. सगळी कशाला? जिथे दुमडते तिथेच — केसभर.

लेथवरच्या काकांनी कागद उलटसुलट पाहिला. “ताई, हा आकडा कुणी दिला?”

“मीच काढला.”

“पक्का?”

“पक्का,” ती म्हणाली, आणि तो आवाज आपलाच आहे याचं तिला नवल वाटलं.

दुपारपर्यंत साचा झाला, चारला नवी झडप. नळीचं टोक पाण्यात बुडवून काकांनी उलट बाजूने हवा दाबली. एरवी इथे परतणाऱ्या हवेच्या बुडबुड्यांची माळ लागायची. आला... एकच. पुन्हा दाबली. नाही. पुन्हा. नाही.

“हजारदा दाबल्याशिवाय मी हो म्हणणार नाही, काका.”

“मग दाबू की. जायचंय कुठे?”

तेवढ्यात साहेब दारात. “रेडिओवर सांगतायत, उद्यापर्यंत जाळं सुरू होईल!”

हायसं वाटायला हवं होतं. जोडीदाराला सांगायची तिला घाई होतीच. कदाचित तोही कागद खरडत याच केसभर जागेपाशी पोचला असेल, कदाचित भलतीकडेच, तिला कधी सुचलं नसतं तिथे... पण उद्याच? आत्ता कुठे पुढचा प्रश्न पडू लागला होता — आणि तो कुणालाही न विचारता थोडा वेळ आपल्यापाशीच ठेवावा, असं तिला पहिल्यांदाच वाटत होतं.