रांग दोन, रांग एकतीस

चष्मेवाल्याने पडद्याची कड दोन बोटांनी बाजूला सारली, तेवढ्यात आतून एक हात आला आणि पडदा पुन्हा जागच्या जागी बसला.

"सर, पुढे नाही जाता येणार," हवाईसुंदरी म्हणाली.

"माझी मुलगी आहे आत. दुसऱ्या रांगेत. दहा वर्षांची आहे."

"माहीत आहे मला. मी लक्ष ठेवून आहे तिच्याकडे."

ती उद्धटपणे बोलली असती तर बरं झालं असतं. आवाज चढवायला जागाच ठेवली नव्हती तिने. तो मुकाट्याने एकतिसाव्या रांगेत परतला, कडेच्या बाईंना तिसऱ्यांदा उठवलं आणि मधल्या खुर्चीत अंग चोरून बसला. खिडकीपाशी एक गृहस्थ तोंड उघडं टाकून घोरत होते. त्यांचा हेवा वाटावा, अशी त्याची गत झाली होती.

आठ तासांच्या या प्रवासावर त्याने सगळी भिस्त ठेवली होती. चार वर्षांपूर्वी बायको नोकरीसाठी समुद्रापलीकडे गेली ती गेलीच. पुढे रीतसर वेगळं होणंही झालं. मग त्याचं चष्म्यांचं दुकान बसलं. तो दुसऱ्याच्या कारखान्यात पाळीवर भिंगं घासायला जाऊ लागला आणि लेक, खारू, गळ्यात किल्ली अडकवून एकटीच घरी राहू लागली. एकदा संध्याकाळी तो आला तेव्हा पोर तापाने फणफणून दारातच झोपली होती. त्या आठवड्यात त्याने कागदांवर सही केली. मुलगी यापुढे आईकडे राहील. कुणी जबरदस्ती केली नव्हती, सही त्याचीच होती.

खारूला मात्र तो सांगत आला होता की आईकडे तीन आठवडे सुट्टीला जायचंय. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता सामान बांधून झालं. तिची आई फोनवर पुन्हा पुन्हा बजावत होती, की हे तिला तुझ्या तोंडून कळू दे, निघायच्या आधी. परवा त्याने ठोकून दिलं होतं, सांगितलंय म्हणून. विमानात शेजारी बसू, तिचा हात हातात घेऊ आणि सांगू, असं त्याने मनाशी धरलं होतं. मुलीचं तिकीट आईने पाठवलं होतं, आपलं त्याने काढलं होतं. तिचं तिकीट पुढच्या महागड्या वर्गाचं, मधे पडदा आहे, हे विमानतळावरच्या खिडकीपाशी कळलं. विमान भरलेलं होतं, अदलाबदल होणार नव्हती. उतरताक्षणी आई काहीतरी बोलून जाईल आणि बाप खोटारडा आहे हे पोरीला कळेल. त्यापुढे त्याला काही दिसत नव्हतं.

मुलीला मागे पाठवता येईल, असं हवाईसुंदरीनेच सुचवलं. ती निरोप घेऊन गेली आणि एकटीच परत आली. खारू सिनेमा बघत होती, संपला की येते म्हणाली होती. तासाभराने त्याने पुन्हा विचारलं, तर ती जेवत होती. पुढे कळलं, की झोपली आहे.

जेवणाची गाडी आत-बाहेर करताना पडदा हातभर सरकला तेव्हा मान उंच करून त्याने पाहिलं. खारू झोपली नव्हती. ताठ बसली होती, कानांवर सिनेमा ऐकायचं ते यंत्र लावून. समोरचा सिनेमाचा पडदा काळा होता.

एवढ्यात परकी झाली, त्याच्या मनात आलं. कागदी रुमालावर त्याने 'खारू' लिहिलं. पुढचा शब्द सुचेना. रुमालाची त्याने घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

चाळीस मिनिटांत उतरणार, अशी घोषणा झाली आणि तो उठला. या वेळी त्याने पडद्याला हात लावला नाही. हवाईसुंदरीसमोर तो नुसता उभा राहिला.

"ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "पाया पडतो तुमच्या."

तिने त्याच्याकडे पाहिलं, आत गेली आणि खारूला हाताला धरून घेऊन आली.

स्वच्छतागृहाच्या दारापाशी दोघं उभे राहिले. खारूच्या पायांत विमानातले राखाडी मोजे होते, टाचा पार घोट्यांवर आलेल्या.

"खारू, आपली ही सुट्टी आहे ना... तीन आठवड्यांची नाहीये ती."

"माहितीये."

त्याला वाटलं, तिने नीट ऐकलं नाही.

"शाळेतल्या क्लार्कबाईंनी पाकीट माझ्याच हातात दिलं होतं," ती म्हणाली. "चिकटवलेलं नव्हतं. शाळा सोडल्याचा दाखला होता त्यात. आणि तुझा अर्ज."

ते पाकीट तिनेच आणून त्याच्या हातात ठेवलं होतं आणि पाणी प्यायला आत गेली होती. त्याला पंधरा दिवस झाले होते.

"मग विचारलं का नाहीस?"

तिने खांदे उडवले. "तू सांगितलं नव्हतंस ना. तोपर्यंत सुट्टीच होती."

"म्हणून आली नाहीस मगाशी?"

ती एका पायाने दुसऱ्या मोज्याचं टोक ओढत राहिली. सही का केली, ते त्याला आता सांगायचं होतं. तो ताप, ती किल्ली, तो दरवाजा. पण घंटी वाजली, पट्ट्यांचे दिवे लागले आणि हवाईसुंदरीने दुरूनच खूण केली.

"आईने विचारलं तर मी सांगेन, बाबाने घरीच सांगितलं होतं," खारू घाईघाईने म्हणाली. "जेवताना."

"अगं, खोटं कशाला?"

"ती ओरडेल तुला."

पडदा तिच्यामागे बंद झाला.

पुढचे लोक आधी उतरले. तीस रांगा रिकाम्या होईपर्यंत तो उभाच होता. बाहेरच्या दालनात पोचला तेव्हा खारू आईला चिकटून उभी होती. पोरीचं सामान तेवढं त्याच्या खांद्यावर होतं.

"सांगितलं हिने मला," तिची आई म्हणाली. चार वर्षांत तिचा आवाज इतका मऊ त्याने ऐकला नव्हता. "मला वाटलं होतं, नेहमीसारखं शेवटपर्यंत लांबवशील. बरं केलंस, नीट समजावलंस ते."

खारू त्याच्याकडे बघत होती.

"हो," तो म्हणाला.

"रडली का खूप?"

"नाही. शहाणी आहे."

खारू पुढे आली आणि त्याच्या खांद्यावरची आपली पिशवी ओढू लागली.

"जड आहे गं."

"उचलते मी," ती म्हणाली.

पट्टा सोडायला त्याला जरा वेळ लागला.