डाव्या सीटवरची माय

तापलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर ओलं फडकं पडलं की वाफ दिसत नाही, पण एक वास उठतो: जुन्या धोतराचा, डिझेलचा आणि उन्हात भाजलेल्या धुळीचा मिळून. माझी माय मला या वासातून आठवते. वैशाखातली दुपार, चुडाव्याहून जालन्याकडे निघालेला आप्पांचा, माझ्या वडिलांचा, सहाचाकी ट्रक, काचेवर थरथरणारा पांढरा उजेड, आणि डाव्या सीटवर मांडी घालून वाकलेली माय. एका हातात पाण्याचा कॅन, दुसऱ्या हाताची पाठ खाली पायाशी बसवलेल्या चौकोनी डबीला टेकवलेली. लेकराचा ताप पाहावा तसा ती त्या डबीचा ताप पाहायची आणि वर न बघता सांगायची, “चढायलाय. हळू घ्या.”

गाडी जुनी, आप्पांनी दुसऱ्याच्या हातून घेतलेली. त्या इंजिनाला एक कॉम्प्युटर आहे. ड्रायव्हर लोक त्याला नुसतं ‘डबी’ म्हणतात. डिझेल कधी आणि किती सोडायचं हे ती ठरवते. त्या वर्षी फाल्गुन सरता सरता ही डबी आजारी पडली. ऊन वाढलं की चालती गाडी मुकाट बंद व्हायची आणि तासाभराने, काही घडलंच नाही अशा थाटात, सुरू व्हायची. परभणीचे मारोती मिस्त्री वायरिंगचे जाणकार. स्कॅनर लावून, तारा हलवून, डबीला कान लावल्यासारखं वाकून त्यांनी निदान केलं.

“आतला सोल्डरचा टाका सुटलाय, आप्पा. गार असला की चिकटतो, तापला की सुटतो. बदलावीच लागंल. पण ह्या मॉडेलची डबी आता येत न्हाई, हुडकावी लागंल. तोवर ओलं फडकं टाकून चालवा. थेंब मात्र आत जाऊ देऊ नका, न्हाई तर खलास.”

स्टिअरिंग धरलेल्या माणसाला फडकं बदलता येत नाही, आणि क्लीनर तर होळीलाच काम सोडून गेला होता. म्हणून माय गाडीत चढली. ड्रायव्हरशी लग्न होऊन तीस वर्षं झालेली ही बाई तोवर पूर्वेला नांदेडच्या दवाखान्यापलीकडे आणि पश्चिमेला परभणीपलीकडे गेलेली नव्हती. आप्पांचे रस्ते तिला ठाऊक होते ते त्यांच्या सदऱ्यावरच्या धुळीच्या रंगावरून.

फडकं पिळण्याची तिची एक रीत होती, आणि ती मी अजून कुणाच्या हाताला पाहिलेली नाही. आधी कोपरापासून जोर लावून ती पाण्याची धार काढायची, मग मनगटाला उलटा हिसडा देऊन उरलेसुरले थेंब, आणि शेवटी फडकं गालाला लावून पाहायची. गाल गार व्हावा पण ओला होऊ नये, एवढंच पाणी तिला हवं असे. आम्हा भावंडांच्या कपाळावरच्या पट्ट्यांनी तिला हे शिकवलं होतं. त्या उन्हाळ्यात डबीत एकही थेंब गेला नाही आणि जालन्याचा एकही माल उशिरा पोचला नाही. वाटेतल्या ढाब्यावर आप्पांचे सोबती चेष्टा करायचे, “आप्पा, क्लीनर लय भारी ठेवलाय यंदा.” त्यावर माय पदर सावरत म्हणायची, “क्लीनर पळून जातो. मी कुठं पळू?” आणि सगळ्यांत मोठ्याने आप्पाच हसायचे.

फडक्याला पाणी लागायचं, आणि पाण्यासाठी उतरावं लागायचं. मायचा रस्ता त्या पाण्याने घडवला. किलोमीटरचे दगड तिला वाचता येत नव्हते. ती गावं पाण्याच्या चवीवर लावायची. परभणीच्या नाक्यावरचं टाकीचं पाणी तिच्या मते झोपलेलं, वालूरचं गोड, सेलूचं जरा जड. देवगाव फाट्याला चहाची टपरी चालवणाऱ्या सरूबाईच्या रांजणातलं पाणी सगळ्यांत गार, आणि मंठ्याचं इतकं खारं की ते फक्त डबीलाच द्यावं. पाणी मागायला गेलेली बाई नुसती पाणी घेऊन परतत नाही. सरूबाईच्या सुनेचं बाळंतपण कधी आहे, वालूरच्या हापशावर भेटणाऱ्या म्हातारीचा डोळा कोणत्या दवाखान्यात दाखवला, हे सारं ती घरी आल्यावर सांगायची. सांगताना तिचे हात हलायचे. मायचे हात बोलताना हलतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. घरात ते नेहमी कशात ना कशात गुंतलेले असत.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. बी.एस्सी. झाले, बी.एड. केलं, परभणीत विज्ञान शिकवते. आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही, कारण ते मी कमावलेलं आहे. वैशाखात माय माझ्याकडे एका दुपारी उतरली तेव्हा तिची उजवी मांडी इंजिनाच्या उष्णतेने लाल झाली होती आणि हाताच्या पाठीवरची कातडी सोलवटली होती. मी तिथेच ठरवलं की ही डबी मी बदलून देणार. शिकलेल्या मुलीने आईसाठी एवढं करायला नको? शाळा सुटली की मी फोन करत बसायची. इंदूर, नागपूर, पुणे. गाडीचं मॉडेल, डबीवरचा लांबलचक नंबर, त्यातलं प्रत्येक अक्षर पुन्हा पुन्हा. अखेर अपघातात मोडलेल्या तशाच एका गाडीची डबी चांगली निघाली आणि रोहिणी नक्षत्रात ती खोक्यातून परभणीला आली. मी मायला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “बरं झालं गं. आप्पाचा घोर मिटला.”

तिला स्वतःला काय वाटतं, हे मी विचारलं नाही.

डबी बदलणं दिसायला फार मोठं काम नाही. मिस्त्रींनी बॅटरीची तार सोडली, जुन्या डबीचे दोन रुंद जोड काढले, चार बोल्ट फिरवले, आणि एवढा उन्हाळाभर जिच्याभोवती आमचं घर फिरत होतं ती वस्तू एका हातात उचलून बाहेर ठेवली. अवघड भाग पुढचा. दुसऱ्या इंजिनाची सवय असलेल्या डबीला आमच्या इंजिनाची ओळख द्यावी लागते. डिझेल सोडणाऱ्या प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर बारीक अक्षरांत एक नंबर कोरलेला असतो; तो लॅपटॉपवरून डबीत भरायचा, चुकता कामा नये. नंबरांवर काजळी चढलेली. माय केबिनमधून उतरली, आपलं फडकं पिळलं, आणि एकेक डोकं असं पुसत गेली की अक्षरं उजळून आली. ती पुसायची, मी वाचायची, मिस्त्री भरायचे. आमच्या दोघींचं आयुष्यात पहिल्यांदाच एका कामावर असं जुळलं होतं, आणि मी तर आनंदाने भरून वाचत होते. त्या कामातून आम्ही तिची जागा पुसत होतो, हे आमच्यापैकी एकीलाच कळलेलं असावं.

चावी फिरवली. गाडी सुरू झाली. मिस्त्रींनी ती जिंतूर रस्त्याने भर दुपारी फिरवून आणली. आप्पा आणि माय सोबत गेले. परत आल्यावर मायने हाताची पाठ डबीला लावली.

“गारच हाय,” ती म्हणाली. हात मात्र तिने बराच वेळ उचलला नाही.

“आता तुला तरास न्हाई माय,” मी म्हणाले. आप्पांच्या आधी मीच म्हणाले. “आता निवांत घरी राहा.”

तिने सीटखालची कापडी पिशवी काढली. तिच्यात एक लुगडं, कंगवा आणि सरूबाईने दिलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी होती. फडकं झटकून तिने खिडकीच्या कडेवर वाळत घातलं आणि खाली उतरली. ट्रकची पायरी उंच असते. चढताना ती कुणाचा हात घेत नसे. त्या दिवशी उतरताना तिने माझा घेतला.

पुढे दिवाळीच्या सुमाराला आप्पांनी सहज सांगितलं, की फाट्यावरची सरूबाई दर खेपेला विचारते, “आमच्या पाहुण्या कुठं हायत?” तेव्हा मायचं काय सुटलं ते माझ्या ध्यानात आलं. मी आप्पांना म्हटलं, घेऊन जा की तिला. ते गोंधळले. त्यांची ना नव्हती. “येती का गं?” त्यांनी आत हाक मारली. माय तांदूळ निवडत होती, हात थांबवले नाहीत.

“काम नसताना गाडीत बसून काय करू? लोक काय म्हनतील, हिंडायली म्हनतील.”

मी घराबाहेर पडले ती शिक्षणाचं कारण घेऊन, माय पडली ती डबीचं कारण घेऊन. माझं कारण पदवी होऊन माझ्या हाती राहिलं. तिचं मी स्वतः शोधून, मागवून, बसवून संपवलं. गाडी आता बिनतक्रार चालते. डाव्या सीटवर ताडपत्रीची घडी असते.

मी रविवारी चुडाव्याला जाते तेव्हा तिला तो रस्ता विचारते. ती सांगते, आणि सांगताना हात थोडे हलतात. आरंभी सगळं यायचं, प्रत्येक हापसा, प्रत्येक बाई. मग सेलूचं पाणी जड की वालूरचं, याचा घोटाळा होऊ लागला. गेल्या रविवारी तिने देवगाव फाट्यानंतर एकदम जालना सांगितलं. मधलं मंठा, त्याचं खारं पाणी, काहीच आलं नाही. मी तिला अडवलं नाही, कारण तो रस्ता मी कधी पाहिलेला नाही आणि दुरुस्त करायला माझ्याजवळ तिच्याच सांगण्याशिवाय काही नव्हतं. माणूस एका पायरीने रस्त्यावरून उतरतं; मग रस्ता त्याच्यातून उतरायला लागतो, सावकाश, एका वेळी एक गाव करत.