लाल रेघेपलीकडचा कंदील

मी एक जुना सौर कंदील आहे. ‘मित्रांनो’ म्हणायचा रिवाज आहे म्हणून म्हणतो. नाहीतर माणसांशी माझं वाकडंच आहे.

कारखान्यात माझ्या खोक्यावर चार हसऱ्या माणसांचं चित्र छापलं होतं. तसलं कुटुंब मला अजून भेटायचंय. ज्या घरात मी आलो तिथं विजेची तार होती, पण वीज येईल तेव्हा खरी. म्हातारीनं मला हौसेनं आणलं. माझी ऊन पिणारी काच तिनं ओसरीच्या उतरत्या पत्र्यावर, हात पोचेल अशी बसवून घेतली आणि रोज सकाळी ओल्या फडक्यानं ती पुसू लागली. “रॉकेलच्या धुरातून सुटले बाई,” असं येईल त्याला सांगायची. मीही तेव्हा भोळा होतो, कौतुकानं फुगायचो.

मग तिची दोन्ही मुलं वेगळी झाली. घराच्या मधोमध विटांची भिंत आली. भांडी वाटली, खाटा वाटल्या, म्हातारी धाकट्याच्या वाट्याला गेली. माझे दोन तुकडे होईनात, म्हणून भिंतीत भोक ठेवून मला तिथं टांगलं. राहिली काच. धाकट्या सुनेनं नेलपॉलिशनं तिच्यावर मधोमध लाल रेघ ओढली.

“इकडची माझी, तिकडची तुमची, जाऊबाई. आपापली पुसायची.”

“पुसेन नाहीतर फोडेन. तू कोण विचारणार?” थोरली म्हणाली.

मित्रांनो, माझ्या काचेखालच्या पट्ट्या एकमेकींचा हात धरून उभ्या असतात. काहींवर सावली पडली की बाकीच्याही अडतात. अर्धी काच झाकली तर अर्धा उजेड उरेल, हा हिशेब त्या दोघींचा. पण कंदिलाला कोण विचारतो?

म्हातारीचा एक डोळा केव्हाच गेला होता. दुसऱ्याचं ऑपरेशन झालं. रोज संध्याकाळी थेंब घालायचे, चुकवायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते काम धाकटीकडे होतं. उजेड नीट पडावा म्हणून तिनं माझं तोंड आपल्या बाजूला वळवलं. थोरलीची खोली काळवंडली. दुसऱ्या दिवशी तिनं एक ओलं पोतं आणून आपल्या अर्ध्या काचेवर पसरलं.

“माझ्या वाटणीवर मी काहीही वाळवीन.”

पोतं वाळलं तरी तिनं ते काढलं नाही. धाकटीनंही हात लावला नाही, कारण ते रेघेपलीकडं होतं.

त्या संध्याकाळी मी जेमतेम पेटलो आणि विझलो. धाकटी फळीवर बाटली चाचपू लागली. तिचा नवरा चपला दुरुस्त करतो. त्याच्या झटपट गोंदाची बाटलीही तेवढीच इवलीशी, आणि शेजारीच होती.

“डोळा उघडा, आत्या.”

“अगं, हे जळतंय,” म्हातारी म्हणाली. मग ओरडली.

तो डोळाही गेला.

“तुझ्या हातानं गेला,” असं थोरली म्हणते. “तुमच्या पोत्यानं गेला,” असं धाकटी म्हणते. हे भांडण अजून चालू आहे आणि माझ्याच उजेडात चालतं, याचा मला संताप येतो.

हो, आता उजेड भरपूर असतो. रोज सकाळी म्हातारी भिंत धरून ओसरीत येते, पत्रा चाचपते आणि सगळी काच पुसते. रेघ तिला दिसत नाही. सुना दोन्हीकडून बघत उभ्या राहतात. एकीनंही अजून तिच्या हातातलं फडकं घेतलेलं नाही.

शेवटी काही शिकवण द्यायची असते. माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. ती घेतली जाते. पोती वाळवायला दुसरी जागा शोधा, एवढंच सांगतो.

संध्याकाळी म्हातारी भोकापाशी बसते आणि विचारते, “पडतोय ना गं उजेड दोन्हीकडं?”

दोघी आपापल्या चुलीकडं वळतात. मला वाचा असती तर मी तिच्या कानात ‘पडतोय’ म्हटलं असतं, आणि ते या दोघींना ऐकवलं नसतं.