घरच्यांची पंगत

लोअर परळला जेवायला जायचं म्हणून अण्णांनी कपाटातून ठेवणीतला पांढरा झब्बा काढला, तेव्हा कालिंदीबाई साडीच्या निऱ्या घालता घालता थांबल्या. हा झब्बा फक्त घरच्या लग्नामुंजीला बाहेर पडायचा. आज नवऱ्याच्या मनात काय आहे कोण जाणे. विचारायची सोय नव्हती. ठाकूरद्वारच्या त्यांच्या घरात एक विषय काढायचाच नाही असं ठरून गेलं होतं, आणि टॅक्सी नेमकी तिकडेच निघाली होती.

विषय म्हणजे धाकटी सुरुची. बँकेतली चांगली नोकरी सोडून ती जपानला गेली, तिथल्या घरगुती खाणावळीत राबून स्वयंपाक शिकली, आणि आता जुन्या गिरणीच्या आवारातल्या एका जपानी हॉटेलचं सगळं स्वयंपाकघर तिच्या हाताखाली होतं. "आपल्या घराण्यात सगळ्यांनी लेखण्या चालवल्या, ही कढई घेऊन उभी राहिली," असं अण्णा एकदा बोलले ते बोलले. तेव्हापासून बापलेकीत कामापुरतंच बोलणं. आजचं आमंत्रण मात्र सुरुचीने स्वतः फोन करून दिलं होतं. "अण्णा, एकदा माझ्या हातचं जेवा. मग काय बोलायचं ते बोला."

हॉटेल भरलेलं होतं. मधल्या लांबलचक टेबलावर भाजलेला बांगडा, मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाफाळतं सूप, गोडसर शिजवलेला लाल भोपळा, बटाट्याचा रस्सा, काकडीचं लोणचं आणि किंचित चिकट भात. ज्याने त्याने उठून वाढून घ्यायचं. थोरला ध्रुव दुसऱ्यांदा ताट भरून आला. कालिंदीबाईंनीही भोपळ्याची चव घेतली, आणि देव लेकीचं भलं करो, असं त्या मनातल्या मनात म्हणाल्या.

अण्णांचं ताट रिकामं.

"घ्या ना अण्णा, बांगडा एक नंबर आहे," ध्रुव म्हणाला.

"तुम्ही जेवा," अण्णा म्हणाले, आणि मान वळवून हॉल न्याहाळत बसले.

पलीकडे, काउंटरमागे सुरुची मासे परतत होती. मधूनच मान वर करून बघे. प्रत्येक वेळी नजर त्या रिकाम्या ताटावर पडे, आणि पोरीचा चेहरा आणखी उतरे. कालिंदीबाईंना ते बघवेना.

"अहो, चार घास तरी घ्या. लेकीच्या हातचं अन्न आहे, विष नव्हे!"

यावर अण्णा उठलेच. झालं, निघाले घरी, असं वाटून कालिंदीबाईंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा अण्णा शेजारच्या टेबलापाशी उभे होते. तिथे एक वयस्क जपानी जोडपं जेवत होतं. अण्णांनी त्यांच्या ताटात डोकावून पाहिलं, जाऊन बांगड्याचा एक तुकडा आणला आणि त्या गृहस्थांच्या ताटात वाढून हात जोडले. "सावकाश होऊ द्या."

गृहस्थ अर्धवट उठून वाकले. अण्णा त्यांच्याहून जास्त वाकले. मग पुढचं टेबल. मग त्याच्या पुढचं.

मॅनेजर धावत आला. "सर, काही हवंय का?"

"मला काही नको. कोपऱ्यातल्या बाईंचं सूप संपलंय, तिकडे बघा."

"आई, थांबव ना त्यांना! लोक बघतायत," ध्रुवने कपाळाला हात लावला.

पण कालिंदीबाई त्या पांढऱ्या झब्ब्याकडे बघत होत्या, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. "अरे, तुझ्या मुंजीत हे असेच फिरत होते. घरचं कार्य असलं की यजमान कधी पहिल्या पंगतीला बसतो का?" एवढं म्हणून त्या दचकल्या आणि त्यांनी ताट लांब सारलं. "अगं बाई! आणि आपण दोघं मेली पहिल्याच पंगतीत बसलो!"

त्याही पदर खोचून उठल्या. वाढपात त्या काही नवऱ्याला हार जाणाऱ्या नव्हत्या.

शेवटचं टेबल उठलं तेव्हा कुठे सुरुची बाहेर आली. घामेजलेली, डोळे लाल.

"अण्णा, तुम्ही जेवला नाहीत."

"पाहुणे जेवले ना? आता जेवतो."

"पण बांगडा संपला. भोपळाही संपला. भात, सूप आणि लोणचं, एवढंच उरलंय."

"संपायलाच पाहिजे. उरलं असतं तर मला लाज वाटली असती." अण्णांनी खुर्ची ओढली. "बस. तूही सकाळपासून उपाशी असशील."

ती बसली. अण्णांनी आधी तिच्या ताटात भात वाढला, मग स्वतःच्या. सूप ओतून कालवला आणि पहिला घास घेतला.

"लेखण्या पिढ्यान्‌पिढ्या चालवल्या आम्ही," शेवटी ते म्हणाले, "पण परक्या माणसांची एवढी मोठी पंगत आपल्या घराण्यात एकट्याने कुणीच उठवली नव्हती."

सुरुची मान खाली घालून भराभर भात खाऊ लागली. अण्णांनी तिच्या ताटात आणखी थोडा भात वाढला.

"सावकाश होऊ दे," ते म्हणाले.