कमलकाकींना परत करायचा डबा

मी एक जुना स्टीलचा डबा आहे. ज्या बाईंनी मला परत मागितलं होतं, त्या मी परत पोहोचायच्या आदल्या दिवशी वारल्या. मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलं नाही असं समजा. मीही ते लिहिलं नाही असं समजतो. कमलकाकी ठणठणीत आहेत. लालबागच्या भांड्यांच्या दुकानात उभ्या आहेत आणि माझं झाकण घट्ट बसतं की नाही ते चौथ्यांदा बघत आहेत.

"घ्या ना मावशी," दुकानदार हितेंद्रभाई म्हणाले, "नातवंडांपर्यंत टिकेल."

"नातवंडांचं नंतर बघू. आधी हे झाकण बदलून दे."

झाकण बदललं. मग माझ्यावर नाव घालायचं ठरलं. दुकानाच्या दारात टकटक करत नाव कोरणारा माणूस बसलेला होता. लग्नसराईचे दिवस होते. सकाळपासून त्याने प्रत्येक भांड्यावर 'सप्रेम भेट' कोरलं होतं. सवयीने त्याने माझ्यावरही तीच सुरुवात केली.

"अरे थांब, थांब!" काकी ओरडल्या. "भेट नाय ती! डबा परत येयाचा हा."

तोपर्यंत 'सप्रे' कोरून झालं होतं. स्टीलवरचं खोडता येत नाही. त्यापुढे त्याने मुकाट्याने 'कमल कुशाबा परब' असं घातलं. मित्रांनो, तेव्हापासून माझ्या अंगावर सप्रे आहेत. त्या घराण्याशी माझा काहीही संबंध नाही.

कमलकाकी परळच्या एका चाळीत राहायच्या. नवरा कुशाबा गिरणीत होता. आधी गिरणी बंद झाली, मग काही वर्षांनी कुशाबा. काकी घरी मालवणी मसाला आणि कुळथाचं पीठ करून विकायच्या. माल द्यायचा तो स्वतःच्या डब्यात, आणि डबा परत आणायचा म्हणजे आणायचा. परळमध्ये त्यांचा एकही डबा कधी बुडाला नाही. एक मुलगी लग्न होऊन डोंबिवलीला गेली, सोबत चुकून काकींचा डबा गेला. काकी डोंबिवलीला गेल्या. मुलीच्या सासूने डबा दिला, वर जेवायला घातलं.

चाळीत आणखी एक रीत होती. कोणाचा डबा रिकामा परत करायचा नाही. आत चार पेरू घालायचे, नाहीतर वाटीभर पोहे. अगदीच काही नसेल तर चिमूटभर साखर. ही रीत कोणी लिहून ठेवलेली नव्हती, म्हणून सगळे पाळत होते.

काकींचा एकुलता एक मुलगा विनीत. तो हुशार होता, ही त्या घरातली एकमेव अडचण. पुढच्या अभ्यासासाठी त्याला परदेशातल्या एका विद्यापीठाने बोलावलं. काकींनी माझ्यात कुळथाचं पीठ दाबून भरलं आणि त्याच्या बॅगेत सर्वांत वर मला ठेवलं.

"पीठ संपला काय डबो घेऊन ये."

"आये, तिकडे डबे मिळतात गं."

"मिळांदेत. ह्यो माझो आसा."

विनीत हसला. शेजारच्या खोलीतला त्याचा मित्र जगदीश दारात उभा होता. तो म्हणाला, "डॉक्टर, डबा परत आणला नाहीस तर काकी विमानाने येतील हां तुझ्याकडे." तेव्हा सगळेच हसले. मीही हसलो असतो, पण माझं झाकण घट्ट होतं.

परदेशातल्या विमानतळावर एका अधिकाऱ्याने मला उघडलं, वास घेतला आणि दोन पावलं मागे सरकला. कुळीथ म्हणजे काय, ते विनीतने त्याला बराच वेळ समजावून सांगितलं. कोकण, पाऊस, उतारावरची शेती, सगळं सांगितलं. परदेशातलं त्याचं हे पहिलं व्याख्यान. श्रोता एकच होता, पण तो पळून जाऊ शकत नव्हता.

पहिल्या थंडीत विनीतने रोज पिठी करून खाल्ली. पीठ संपलं. त्याने मला धुतलं, पुसलं आणि खिडकीत ठेवलं. आता मी घरी जाणार होतो.

पण रिकामा कसा जाणार? त्याने माझ्यात चॉकलेटं भरली. मग कागदपत्रांचं काहीतरी अडलं, जाणं लांबलं, आणि चॉकलेटं त्यानेच खाल्ली. पुढच्या वर्षी बदाम भरले. मग स्वतःच म्हणाला, "इतक्या दिवसांनी जायचं आणि बदाम?" बदाम काढले. त्याच्या पुढच्या वर्षी तर काय घालावं तेच त्याला सुचेना. जितकी वर्षं जास्त, तितकी आत घालायची वस्तू मोठी हवी. आणि मी मित्रांनो, होतो तेवढाच होतो.

दरम्यान विनीत खरोखरचा डॉक्टर झाला, मग प्राध्यापक झाला. त्याचा विषय होता, गिरणगावातल्या शेजाऱ्यांची देवाणघेवाण. त्यात मला मोठा मान मिळाला. तो मला वर्गात नेऊन टेबलावर ठेवायचा आणि सांगायचा, "हा डबा रिकामा परत जाऊ शकत नाही. यात एक नातं भरलेलं असतं." मुलं लिहून घ्यायची. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मग सर, तुम्ही हा परत कधी करणार?"

वर्ग हसला. विनीतही हसला. म्हणाला, "चांगला प्रश्न आहे." विद्यापीठात ज्याचं उत्तर द्यायचं नसतं त्याला चांगला प्रश्न म्हणतात.

दर रविवारी काकींचा व्हिडिओ कॉल यायचा. मोबाईल जगदीशचा. काकी तो कानाला लावायच्या, त्यामुळे आम्हाला पडद्यावर बराच वेळ फक्त त्यांच्या कानातली कुडी दिसायची.

"काकी, समोर धरा. समोर," जगदीशचा आवाज यायचा.

"समोर धरून आयकाक कसा येतला? झिला, जेवलंस?"

"जेवलो आये."

"डबो आसा मा?"

"आहे. हा बघ." विनीत मला उचलून दाखवायचा. मी त्यांना नीट दिसावं म्हणून शक्य तेवढा चकाकायचो.

"कधी येतलंस घेऊन?"

"या सुट्टीत नक्की. जरा काहीतरी चांगलं भरून आणतो."

एका रविवारी काकींनी मोबाईल कानावरून काढून समोर धरला. मग म्हणाल्या, "साखर घाल चिमूटभर आणि ये. तुका कोण काय बोलतला?"

विनीतचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता हा उठणार आणि बॅग काढणार. तो उठला. त्याने पेन काढलं आणि आईचं वाक्य कागदावर उतरवून घेतलं. तेव्हा तो कादंबरी लिहीत होता.

कादंबरी इंग्रजीत होती आणि फार गाजली. परळची चाळ, मसाल्याच्या वासाची आई आणि परदेशी गेलेला मुलगा. शेवटी आई अंथरुणाला खिळते आणि मुलगा धावत येतो. वेळेवर पोहोचतो, तिच्या हातात डबा देतो आणि ती डोळे मिटते. ते प्रकरण लिहिताना विनीत टेबलावर डोकं ठेवून रडला होता. नंतर कितीतरी दिवस तो अगदी हलका हलका होता. आपण घरी जाऊन आलो, असं त्याला वाटत असावं. त्या वर्षी त्याने तिकिटाचं नावसुद्धा काढलं नाही.

जगदीशने कादंबरी मिळवून वाचली आणि पुढच्या रविवारी काकींसमोरच विषय काढला.

"डॉक्टर, मानलं तुला. काकी, तुमच्यावरच आहे सगळं पुस्तक."

"होय? मग मी काय करतंय त्यात?"

विनीत गडबडीने म्हणाला, "जग्या, ते राहू दे ना."

"मरता तुम्ही काकी. शेवटी."

विनीतने कपाळाला हात लावला. पलीकडे काकी खो खो हसत सुटल्या. हसून झाल्यावर पदराने डोळे पुसत त्यांनी विचारलं, "आणि ह्यो? ह्यो इलो काय?"

"आला ना. टॅक्सीने."

"वेळेवर?"

"एकदम वेळेवर."

"मग बरा आसा," काकी म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी माझ्याबद्दल विचारलं नाही. त्यानंतरही कधी विचारलं नाही. मित्रांनो, मला गंज चढत नाही. तरी त्या दिवसापासून मला आत कुठेतरी खरखरीत वाटू लागलं.

मागच्या पावसाळ्यानंतर एकदा जगदीशचा फोन आला. वार रविवार नव्हता. "काकींना ॲडमिट केलंय. ये तू. भरायचं-बिरायचं बघू नको, फक्त ये."

विनीतने हाताला लागलेले कपडे बॅगेत कोंबले. वर मला ठेवलं. माझ्यात काय घालायचं याचा विचार करायला त्याला प्रथमच वेळ मिळाला नाही.

मुंबईत विमानतळाबाहेर जगदीश स्कूटर घेऊन उभा होता. तो नुसता उभा होता, हसला नाही, तेव्हाच विनीतला कळलं. जगदीश म्हणाला, "काल दुपारी." बॅग त्याने पायाशी ठेवली. विनीत मला पोटाशी धरून मागे बसला. सायन आल्यावर विनीतने विचारलं.

"रागावली होती का रे माझ्यावर?"

"काकी? छे. मला म्हणाल्या, तो येताना घाबरत असेल. त्याला सांग, घाबरू नको म्हणावं."

विनीतने माझ्या झाकणावर कपाळ टेकवलं. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने आमच्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिलं.

काकींच्या खोलीत जगदीशची आई राधाबाई बसल्या होत्या. विनीतने मला ओट्यावर ठेवलं. सवयीने राधाबाईंनी झाकण उघडून पाहिलं. आत काहीच नव्हतं. त्यांनी झाकण लावलं आणि चहाचं आधण ठेवलं. विनीत भिंतीला टेकून उभा होता. कोणीतरी ओरडेल म्हणून तो वाट बघत होता. मित्रांनो, इतकी वर्षं तो ज्याला भीत होता ते असं होऊन गेलं.

परत जायच्या दिवशी त्याने मला राधाबाईंपुढे धरलं. "तुम्ही ठेवा हा."

"माझं नाव आहे काय त्याच्यावर? दुसऱ्याचा डबा मी कसा ठेवू?"

विनीतने मला परत बॅगेत घातलं, मग बाहेर काढलं, मग पुन्हा घातलं. शेवटी जगदीशनेच मला त्याच्या हातातून घेऊन आपल्या माळ्यावर टाकलं. "तू ये पुढच्या वर्षी, तेव्हा बघू." विनीत म्हणाला, "नक्की." तो तिकडे पुन्हा शिकवू लागला आहे. टेबलावर आता माझा फोटो दाखवतो, असं जगदीश सांगत होता. इथे माझ्या एका बाजूला तुटलेला पंखा आहे, दुसऱ्या बाजूला गणपतीच्या मखराचा थर्माकोल. चाळ पाडायची आहे. माळ्यावरचं सामान कुठे जाणार, हे कोणी माळ्यावरच्या सामानाला सांगत नाही.

मित्रांनो, भांड्यांची काळजी घ्या, असं मी सांगणार नाही. चिंच लावली की मी पुन्हा नव्यासारखा होतो. ज्याने मागितलं त्याला चिंच लावून नवं करता येत नाही, तेव्हा त्याच्याकडे आधी लक्ष द्या. बाकी माझं म्हणणं मी योग्य त्या ठिकाणी रीतसर मांडत आहे.

सबब, संबंधित खात्यास अर्जदार डब्याची नम्र विनंती की, परगावी व परदेशी स्थायिक झालेल्या सर्व मुलांना आईकडे पूर्णपणे रिकाम्या हाताने येण्याची कायमस्वरूपी परवानगी देण्यात यावी. सदर परवानगीसाठी कोणतंही यश, पदवी वा पुरस्कार जोडण्याची अट असू नये. तसेच ही परवानगी पूर्वलक्षी प्रभावाने, शक्य असल्यास मागच्या पावसाळ्याआधीपासून, लागू करण्यात यावी.